राहिलेल्या नावाची तक्रार

सर, बातमी आली. पान चार, उजवीकडे, केळीच्या रोपांच्या जाहिरातीच्या वर. फोटो तुमचा तोच लावलाय, ज्यात तुम्ही माइककडे असं बघताय जणू तो तुमच्या हातून कुणीतरी काढून घेणार आहे. मथळा ठीक आहे. मजकूरही ठीक आहे. घोळ फक्त शेवटच्या ओळीत झालाय. 'कॉलेजच्या सभागृहात इनास सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहण्यात आली', इथपर्यंत सगळं नीट आहे आणि मग शेवटी छापलंय, 'कार्यक्रमाच्या शेवटी इनास सर यांनी उपस्थितांचे आभार मानले.'

सकाळपासून फोन चालू आहेत. पहिला तुमच्या त्या जुन्या मित्राचा, निर्मळच्या हेडमास्तरांचा. "अगं, इनासनं आभार मानले म्हणजे? कसे मानले?"

मी म्हटलं, "नेहमीसारखेच. लांबलचक."

मग हेडमास्तर म्हणाले, "मग बरोबर आहे."

तर सर, हे असं का झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण शिकवण तुमची आहे. आपल्या कॉलेजच्या जनसंपर्क कार्यालयात मी रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि समोर एक कागद ठेवला. दुसऱ्या दिवशी होणाऱ्या रक्तदान शिबिराची बातमी होती. 'शिबिर उत्साहात पार पडले. विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने रक्तदान केले.' मी अंधेरीच्या जाहिरात कंपनीतून आलेली, स्वतःला फार हुशार समजणारी. म्हटलं, "सर, हे उद्या आहे." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "उद्या लिहायला बसलो तर परवा छापून येईल. तालुक्याचं पान दुपारी बंद होतं. बातमी आधी, कार्यक्रम नंतर. आणि एकदा छापून आलं की तसं घडवायची जबाबदारी आपली."

मला वाटलं, थट्टा करताय. पण चिंचोटीला कळलं.

चिंचोटीच्या धबधब्यावर आपली स्वच्छता मोहीम होती. बातमी तुमच्या रीतीने आदल्या दिवशीच गेलेली आणि सकाळच्या पेपरात आलेलीही. 'विद्यार्थ्यांसह पर्यटकांनीही स्वयंस्फूर्तीने हातात झाडू घेतले.' आम्ही बस घेऊन पोचलो तर पाणी वाढलं म्हणून धबधब्याकडे जायला बंदी. रस्त्यावरच्या हवालदाराने बस थांबवली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण बूट आधीच भिजले होते. तुम्ही खाली उतरलात, हवालदाराला पेपर दाखवलात आणि म्हणालात, "बघा साहेब, छापून आलंय. आता झाडल्याशिवाय परत जाता येत नाही." त्याने पेपर वाचला. मग त्यानेच रस्त्याकडेची जागा दाखवली, जिथे बाटल्यांचा ढीग होता. मागे वळवलेले पर्यटक तिथे उभेच होते, चिडलेले, भुकेलेले. तुम्ही डिकीतून केळ्यांचा घड काढलात. ज्याला केळं पाहिजे त्याला आधी झाडू. बोरिवलीहून आलेली ती गॉगलवाली मंडळी मुकाट्याने झाडत होती आणि तुम्ही मला म्हणत होता, "बघ नायगाव, स्वयंस्फूर्तीने."

तुम्ही मला कायम नायगाव म्हणायचात, कारण मी नायगावला राहते. अनघा हे नाव तुम्हाला माहीत असावं असा माझा अंदाज आहे. पगाराच्या कागदावर तुम्ही सही करायचात.

आपलं भांडण मात्र खरं होतं आणि ते अर्धवट राहिलं. मी म्हणायचे, आता कोण वाचतं पेपर, लोक मोबाइलवर बघतात, दोन ओळी आणि एक चांगला फोटो पुरे. तुमच्या बातमीत कार्यक्रम पहिल्या वाक्यात आटपायचा आणि मग 'यावेळी व्यासपीठावर' सुरू व्हायचं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी अध्यक्ष, माजी अध्यक्षांचे बंधू, फादर, सरपंच, मंडपवाले, कॅन्टीनवाल्या सुमनताई. नावांची मालगाडी. मी ती कापायची आणि तुम्ही ती परत जोडायचात. एकदा मी रागाने म्हणाले, "सर, ही बातमी आहे की मतदारयादी?" तुम्ही म्हणालात, "माणूस पेपरात दुसऱ्याचं काय वाचत नाही गं. स्वतःचं नाव शोधतो."

आणि एवढी सगळी नावं घालूनही दर वेळी एक नाव राहायचंच. मला आधी वाटायचं, वय झालं. मग लक्षात आलं की तुमच्यासारखा माणूस, ज्याला गास गावातल्या प्रत्येक घरातल्या मुलाची इयत्ता माहीत, तो हार पुरवणाऱ्या माणसाचं नाव कसं विसरेल? आणि विसरला तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन कप का मांडून ठेवेल?

तो हारवाला आला होता. तणतणत. "सर, मंडपवाल्याचं नाव आलं, माझं नाही? माझे हार काय फुकटचे होते?" तुम्ही त्याला बसवलंत, चहा दिलात, तुमच्या घरच्या फिलू काकूंनी केळी वाळवून केलेली सुकेळी पुढे केलीत. तासाभराने तो उठला तेव्हा त्याच्या मुलीच्या बारावीपासून त्याच्या गुडघ्यापर्यंत सगळं तुम्हाला ठाऊक झालं होतं आणि तो म्हणत होता, "सर, कधीही हाक मारा." तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "ज्याचं नाव छापून येतं तो कात्रण कापून घरी ठेवतो. विषय संपला. ज्याचं राहतं तो चालत आपल्यापर्यंत येतो. नायगाव, याला जनसंपर्क म्हणतात."

मी म्हटलं, "सर, याला लबाडी म्हणतात."

"चहा घे," तुम्ही म्हणालात.

या लबाडीचे उपकार माझ्यावर आहेत, म्हणून ती उघड करताना जरा जीभ अडखळते. माझे बाबा एका पावसाळ्यात आजारी पडले तेव्हा नायगावच्या आमच्या सोसायटीत गुडघाभर पाणी होतं. रुग्णवाहिका आत येईना. मी तुम्हाला फोन केला, का केला मलाही ठाऊक नाही, तुम्ही काही डॉक्टर नव्हे. तुम्ही एवढंच विचारलंत, "कुठला मजला?" थोड्या वेळाने ट्रॅक्टर आला. गासच्या भाजीवाल्याचा. त्याने बाबांना ट्रॉलीत खुर्चीसकट ठेवलं आणि वर ताडपत्री धरायला त्याचा भाऊ. दवाखान्याच्या दारात उतरवताना मी त्यांचं नाव विचारलं तर तो म्हणाला, "नाव काय करता? सरांकडून एकदा आमचं नाव पेपरात टाकायचं ऱ्हायलं होतं, तवापासून वळख."

बाबा बरे झाले. आजही गॅलरीत बसून पेपर वाचतात, तुमच्यावर छापून आलेलं त्यांनीच मला सकाळी मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीला चष्मा पुसला.

त्या वेळी मी कार्यालयात येऊन तुमच्यासमोर उभी राहिले. बोलायचं ठरवून आले होते. "सर, तुमचे फार..." एवढं म्हटलं आणि तुम्ही हात वर केलात. "आभार शेवटी असतात. कार्यक्रम चालू आहे अजून." त्यानंतर मी जेव्हा जेव्हा सुरुवात केली तेव्हा तुमचं हेच. मला राग यायचा. माणसाला मोकळं होऊ देत नाही म्हणजे काय? स्वतः मात्र जगभराचे आभार मानत फिरायचं.

कारण आभार हा तुमचा प्रांत होता. कॉलेजात पाहुणा कुणीही येवो, सूत्रसंचालन कुणीही करो, शेवटी माइक तुमच्याकडे. तुम्ही निवृत्त झालात त्या समारंभात तरी दुसऱ्या कुणी आभार मानावेत, म्हणजे तुमचे मानावेत, असं प्राचार्या मॅडमनी ठरवलं होतं. ते काम मला दिलं होतं. मी चार रात्री घोकलं होतं. पण प्रमुख पाहुण्यांची गाडी नायगावच्या पुलावर अडकली आणि त्यांना घेऊन यायला तुम्हीच मला पिटाळलंत. आम्ही पोचलो तेव्हा आभार आटोपून चहा सुरू होता. तुम्ही स्वतःच्या निरोप समारंभात स्वतः उठून आभार मानून टाकले होते. बातमीत पाहुण्यांनी भाषण केलं असं सकाळीच छापून आलेलं असल्यामुळे मग पाहुण्यांना खुर्चीवर उभं करून चहा पिणाऱ्या लोकांसमोर भाषण करायला लावलंत. बिचारे बटाटेवड्याकडे बघत बोलले.

आणि निवृत्त होऊन तरी गेलात का? दुसऱ्या दिवशी मी तुमची खुर्ची खिडकीपासून हलवली, टेबलाची दिशा बदलली, थोडी मिरवले, आणि अकरा वाजता तुम्ही दारात. "जरा बसतो." समोरच्या खुर्चीत, पाहुण्यांच्या. चहा घ्यायचात, पेपर चाळायचात, मधूनच माझ्याकडे बघायचात, काही बोलायचं असल्यासारखं. मी विचारायचे, "काय सर?" तर "काही नाही, तुझं काही?" "माझं काय असणार?" "बरं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी शेवटी मी घरी वैतागून म्हणायचे, सरांना खुर्ची सुटत नाही. संस्थेने तुम्हाला सल्लागार करून टाकलं, म्हणजे तुमच्या येण्याला नाव मिळालं आणि आभारांचा माइक तुमच्याकडेच राहिला.

रविवारी तुम्ही चर्चमध्ये मिस्साला जायला तयार होऊन, इस्त्रीचा सदरा घालून, ओट्यावरच्या खुर्चीत काकूंची वाट बघत बसलात आणि तिथेच गेलात. काकू पावडर लावून बाहेर आल्या तर तुम्ही नाही. आयुष्यभर कार्यक्रमाच्या आधी पोचायची सवय. मातीला एवढी माणसं होती की चर्चबाहेरचा रस्ता बंद झाला आणि मला सारखं वाटत होतं की तुम्ही कुठूनतरी येऊन म्हणाल, "नायगाव, नावं घेतलीस का?"

शोकसभा गुरुवारी दुपारी ठरली. तालुक्याचं पान दुपारी बंद होतं. बातमी आधी, कार्यक्रम नंतर. तर सकाळी मी कार्यालयात बसून बातमी लिहिली, आपण नेहमी लिहितो तशी, जुनी उघडायची आणि नावं बदलायची. डोळ्यांपुढे अक्षरं नीट दिसत नव्हती. 'सभागृह तुडुंब भरले होते' लिहिलं. 'भावपूर्ण' लिहिलं. पाठवलं. शेवटची ओळ मी वाचलीच नाही, कारण मी इथे आल्यापासून ती ओळ कधी बदलावी लागली नव्हती.

सभेच्या तासभर आधी प्राचार्या मॅडमना प्रत दाखवली तेव्हा त्या किंचाळल्या. मी पेपरच्या तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, "पान गेलं, ताई."

"पण तुम्ही वाचलं नाही का?"

"सरांची प्रेसनोट आम्ही कधी वाचत नाही. लावतो."

मॅडम म्हणाल्या, "उद्या खुलासा छापा."

मी म्हटलं, "काय छापू मॅडम? इनास सर अपरिहार्य कारणास्तव आभार मानू शकले नाहीत?"

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. रडत होत्या की हसत होत्या मला कळलं नाही, बहुधा दोन्ही. मग रुमाल काढून म्हणाल्या, "ते असते तर काय केलं असतं?"

तुम्ही असतात तर काय केलं असतं हे आपल्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना पाठ आहे. एकदा छापून आलं की तसं घडवायची जबाबदारी आपली. मी साउंडवाल्या जयवंतकडे धावले. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तो ठेवतो, का ठेवतो ते त्यालाच माहीत. म्हटलं, "सरांचं एखादं आभाराचं भाषण आहे का?" तो म्हणाला, "एखादं? कुठलं पाहिजे ते सांगा." मी म्हटलं, निवृत्तीचं दे. तेवढं एकच मी ऐकलं नव्हतं.

सभागृह तुडुंब भरलं, सर. मला काही घडवावं लागलं नाही. पुढच्या रांगांत संस्था, प्राध्यापक, फादर. पण मागच्या रांगा बघायला हव्या होत्या. हारवाला, ट्रॅक्टरवाला आणि त्याचा भाऊ, चिंचोटीचा हवालदार आता जमादार झालेला, पाचूबंदरच्या मासळीवाल्या बाया, बँडवाले गणवेशाशिवाय. एकाला विचारलं, तुमची सरांशी ओळख कशी? तर म्हणाला, "माझं नाव ऱ्हायलं होतं." शेजारचा म्हणाला, "माझं पण." ते एकमेकांकडे बघायला लागले. रांगेत कुजबुज पसरली. मग एक कोळीण मोठ्याने म्हणाली, "आगो बाय, सगल्यांचंच ऱ्हायलंय की काय! म्हातारा पक्का होता!" आणि शोकसभेत मागच्या पाच-सहा रांगा हसायला लागल्या. अध्यक्ष भाषण थांबवून बघत राहिले. 'भावपूर्ण' हा शब्द मी लिहून चुकले होते, पण तो कसा भरायचा ते त्या लोकांनी ठरवलं.

भाषणं संपली. मी माइकवर गेले आणि म्हटलं, "आता आभार. आभार मानतील इनास सर." हशा थांबला. जयवंतने बटण दाबलं.

आधी तुमचं खाकरणं आलं. पुढच्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला.

"आभारप्रदर्शन हा कार्यक्रमातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे," तुम्ही म्हणालात, "कारण त्यानंतर चहा असतो." आणि सुरू झालात. संस्थेचे आभार. प्राचार्यांचे. फादरांचे. वीज खात्याचे, त्यांनी आज दया केली म्हणून. मंडपवाल्यांचे. व्यासपीठावरच्या टेबलाचे, एक पाय मोडला असूनही ते शेवटपर्यंत उभं राहिलं म्हणून. पुलावर अडकलेल्या पाहुण्यांचे, त्यांनी आपला सगळ्यांचा वेळ वाचवला म्हणून. काकूंचे, हे भाषण त्यांनी घरी तीनदा ऐकलं म्हणून. लोक डोळे पुसत हसत होते. मी विंगेत उभी होते आणि वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, माझं नाव आता येईल, आता येईल असं मला प्रत्येक नावाला वाटत होतं. कार्यालयातल्या शिपायाचं आलं. कॅन्टीनचं आलं. जयवंतचंही आलं. मग तुम्ही म्हणालात, "घाईत कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर त्यांनी कार्यालयीन वेळेत माझ्याशी संपर्क साधावा. धन्यवाद."

संपलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

माझं नाव नव्हतं.

चहाच्या गर्दीत फिलू काकूंनी माझा दंड धरला आणि बाजूला नेलं. म्हणाल्या, "तुज्या ध्यानात आलं ना?"

मी मान हलवली.

"भाषन घरी ऐकवलं तवाच मी बोलली त्यांना, पोरीचं नाव कुटं हाय? तर म्हनाले, ऱ्हाऊ दे. येईल भांडायला. बाकीचे चहा पिऊन जातात, ही भांडून बसेल." काकूंनी माझा दंड सोडला नव्हता. "मग रोज कॉलेजात जायला लागले. मी इचारायची, आता कशाला जाता वो? तर म्हनायचे, अजून आली नाय ती भांडायला. संध्याकाळी घरी आले की मी इचारायची, आली का? तर म्हनायचे, नाय. तिला कुनी सांगितलंच नाय वाटतं."

मला कुणी सांगितलंच नव्हतं, सर. मी पुलावर होते. तुम्ही रोज अकराला येऊन समोर बसायचात, "तुझं काही?" विचारायचात आणि मी "माझं काय असणार" म्हणायचे. मी समजत होते, तुम्हाला खुर्ची सुटत नाही.

म्हणून आज हे लिहितेय. कार्यालयीन वेळ आहे. अकरा वाजून गेलेत. तुमची जुनी खुर्ची मी खिडकीजवळ परत आणलीय. सुमनताईंना दोन कप सांगितले, त्यांनी काही न विचारता दोन आणून ठेवले. काकूंनी सुकेळी पाठवलीत.

सर, तुम्ही सगळ्यांची नावं घेतलीत, अगदी मोडक्या टेबलाचं घेतलंत आणि माझं राहिलं. याला लबाडीच म्हणतात, मी तेव्हाही सांगितलं होतं. त्याचा मी निषेध करते. आता चहा घेते. आणि कार्यक्रम संपलाय, तेव्हा या वेळी हात वर करू नका. सर, तुमचे फार आभार.